एकशे सात नंबरची फरसबी

गुरुवार हा तोडणीचा दिवस. सकाळचं दव शेंगांवरून उडालं की तोडायला लागायचं आणि ऊन चढायच्या आत शेवटचा क्रेट कोळशाच्या भिंतींच्या गार खोलीत ठेवायचा, हा किन्याचा नेम होता. ओली शेंग तोडली तर तिच्यावर डाग पडतात, तापलेली तोडली तर ती वाटेतच मान टाकते. दुपारी दोनला कंपनीची थंड गाडी येई. ती संध्याकाळी नैरोबीच्या विमानतळावर पोचे, त्याच रात्री फरसबी विमानात चढे आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडातल्या दुकानांत मांडली जाई. किन्याने विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण त्याच्या वेळेवर तिचं घर चालायचं. लेकीची, केंडीची, शाळा, गाईची धार, सासूचं जेवण, सगळं दोनच्या आधी बसवायचं. पाच मिनिटं उशीर झाला तरी गाडीवाला थांबत नसे. विमान माझ्यासाठी थांबणार आहे का, एवढंच तो विचारी.

मेरूच्या डोंगरउतारावरच्या कियान्थुरी गावात अशा नऊ बाया फरसबी करीत. सुरुवात केली होती किन्या आणि तिची शेजारीण गाट्विरी या दोघींनी. किन्या लग्न होऊन आली तेव्हा सासूने, न्काथाने, रिवाजाप्रमाणे घराखालचा ओढ्यालगतचा तुकडा तिला दाखवला आणि म्हणाली, ही तुझ्या चुलीची जमीन. सुनेने त्यात सुकुमाची पालेभाजी लावावी, बटाटे लावावेत, उरलेलं बाजारात विकून मीठ-साबण आणावं. पुरुष त्या तुकड्याकडे बघत नसत. त्यांचे चहा-कॉफीचे मळे वरच्या बाजूला होते. गाट्विरीचा तुकडा किन्याच्या तुकड्याला लागूनच होता, मध्ये फक्त एक पाट.

फरसबीचं बी दोघींनी मेरूच्या बाजारात एका कंपनीच्या माणसाकडून आणलं, तेव्हा गावातले पुरुष पोट धरून हसले होते. गावात ही शेंग कुणी खात नसे. या दोघी गोऱ्यांच्या गाईंना चारा पाठवणार आहेत, असं चहाच्या टपरीवर ठरलं होतं. दोघींनी तिकडे लक्ष दिलं नाही. जाळीच्या दोन भिंती उभ्या केल्या, मधल्या पोकळीत कोळसा भरला, वरून थेंब थेंब पाणी सोडलं. भर दुपारीही आत गुहेसारखा गारवा राही. त्या खोलीचा सगळा कोळसा त्या दोघींनी कपाळाला पट्टा लावून पाठीवरून आणला होता. पुढे आणखी सात जणी आल्या आणि गट झाला. मुलं शाळेत जाऊ लागली, दोन घरांवर पत्रे आले.

मग कंपनीने नोंदणी मागितली. प्रत्येक क्रेटवर शेतकऱ्याचा नंबर छापायचा, म्हणजे लंडनला एखादी शेंग खराब निघाली तर तिचं शेत शोधून काढता येईल. नंबर कुणाच्या नावाने, तर ज्याच्या नावाने जमीन त्याच्या. नऊ नंबर दिले गेले आणि नऊही पुरुषांच्या नावाने. गटात एक विधवा होती, तिचा नंबर तिच्या दिराच्या नावाने निघाला. किन्याच्या फरसबीचा नंबर एकशे सात आणि नाव तिच्या नवऱ्याचं, मुरिथीचं. कुणीच हरकत घेतली नाही, किन्यानेही नाही. बाईच्या डोक्यावरून बाजारात जातं ते बाईचं आणि विमानातून परदेशी जातं ते पुरुषाचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तरी साऱ्या गावाला ते पाठ होतं. शेंग तर आपणच पिकवतो, कागदावर कुणाचं का नाव असेना, असं किन्याच तेव्हा बाकीच्या जणींना म्हणाली होती.

मुरिथी वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. चर्चमध्ये गाणारा, हळू बोलणारा. किन्या गरोदर असताना त्याने ओढ्यावरून पाणी आणलं होतं. त्यावरून त्याचे सोबती त्याला वर्षभर 'सूनबाई' म्हणत, तरी त्याने ते सोडलं नाही. किन्याला त्या एका गोष्टीचा फार अभिमान होता.

त्या वर्षी एकशे सात नंबरचा माल सर्वांत उत्तम ठरला. वर्षभरात एकही क्रेट परत आला नव्हता. कंपनीने त्या शेतकऱ्याला नैरोबीला बोलावलं, माल कुठे जातो ते बघायला. बोलावणं अर्थातच मुरिथीच्या नावाने आलं. किन्याने त्याचा कोट घासूनपुसून दिला आणि परत आल्यावर काय काय विचारायचं याची मनाशी यादी केली. आपले क्रेट वर ठेवतात की खाली? तिथल्या खोलीत किती गार असतं? देठ कोण कापतं?

तो दोन दिवसांनी आला. सोबत चौकटीत बसवलेलं सर्टिफिकेट आणि एक फोटो होता. फोटोत तो पांढरा झगा आणि टोपी घालून विमानाच्या पोटासमोर उभा होता. त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. आत शिरलं की दात वाजतात. शेकडो बाया उभ्या राहून शेंगांची टोकं कापतात. त्यांच्या शेजारी गुलाब, पलीकडे बर्फात गोठवलेले मासे, आणि हे सगळं एकाच विमानात. किन्या पहिल्यांदाच एखादी गोष्ट ऐकत असल्यासारखी ऐकत होती. ती म्हणाली, "आपले क्रेट दिसले का तुम्हाला?"

"तिथे हजारो क्रेट होते," मुरिथी म्हणाला. मग म्हणाला, "साहेबांनी मला विचारलं, तुझ्या मालाचं गुपित काय. मी म्हटलं, मेहनत."

सगळे हसले, किन्याही हसली. पण संध्याकाळी भांडी घासताना ते वाक्य तिला आठवत राहिलं. बायको करते, एवढं म्हणायला त्याला काय झालं होतं? मग तिनेच स्वतःला समजावलं की तो घाबरला असेल.

नैरोबीत मुरिथीने आणखी एक गोष्ट केली होती, ती त्याने घरी सांगितली नाही. नाताळच्या आठवड्यात तिकडे फरसबीला फार मागणी असते. साहेबांनी विचारलं तेव्हा याने नेहमीच्या दुप्पट क्रेट कबूल केले. त्या डिसेंबरात पानांवर तांबेरा आला आणि फुलकिडे पडले. किन्या रोज सकाळी रोगट पानं खुडून जाळत होती. माल कमी येईल, पण स्वच्छ येईल, असा तिचा हिशेब होता. त्यातच सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. किन्या न्काथाला घेऊन मेरूच्या दवाखान्यात गेली आणि चार दिवस तिच्या खाटेखाली जमिनीवर झोपली.

परत आली तेव्हा पाटाजवळ एक उग्र वास येत होता. फवारणीचा पंप नेहमीच्या खिळ्यावर नव्हता, धुऊन भिंतीला उलटा टेकवलेला होता. तिने मुरिथीला विचारलं, काय मारलंत? तो म्हणाला, राख आणि गोमूत्र. बाकी काय मारणार?

फवारणीची वही किन्या ठेवी. कुठल्या दिवशी काय मारलं, किती दिवसांनी तोडलं, हे त्यात लिहावं लागे. तिने त्या तारखेसमोर लिहिलं, राख आणि गोमूत्र. खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर घातलं. बारा वर्षांच्या संसारात मुरिथी तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं. गुरुवारी तिने सासूच्या डोळ्यात औषध घातलं आणि बाकीच्या जणींबरोबर तोडणी केली. गाडी दोनला आली आणि माल घेऊन गेली.

आठवड्याने कंपनीचा माणूस, मुतुमा, मोटारसायकलवरून आला. तो हेल्मेट न काढताच गटाच्या निवडणीच्या शेडमध्ये शिरला तेव्हाच बायांना कळलं. एकशे सात नंबरच्या फरसबीत कॉफीवर मारायचं औषध सापडलं होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. तिकडच्या विमानतळावर तपासणीत माल अडवला. त्या दिवशीचा सगळ्या गटाचा माल तिथेच जाळून टाकला. आता पुढच्या सोमवारी चौकशी होती.

मुतुमाने नियम सांगितला. औषध चुकून, अज्ञानाने मारलं गेलं असेल तर तीन महिने नंबर बंद राहील, मारणाऱ्या माणसाला मालाला हात लावायची कायमची बंदी होईल आणि गट पुन्हा चालू होईल. पण नोंदलेल्या शेतकऱ्यानेच जाणूनबुजून मारलं असं निघालं, किंवा कुणी मारलं तेच ठरलं नाही, तर सगळा गट बाद.

रविवारी सकाळी किन्या गाईला चारा घालत होती. मुरिथी गोठ्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याने मान्य केलं. कॉफीचं औषध घरात होतं, दुप्पट माल कबूल केलेला होता, तो घाबरला. सांगताना त्याने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाला, "वही तुझ्या हातची आहे. चुकून तू मारलंस, असं लिहून देऊ. एक सही कर."

किन्या गाईपुढे चारा टाकत राहिली.

"गट वाचेल. सगळ्यांची पोरं शाळेत आहेत," तो म्हणाला. "आणि तुझं नाव कुठेच नाही. ज्याचं नावच नाही त्याचं काय जाणार आहे?"

त्याने हे वाक्य दुखवायला म्हटलं नव्हतं. त्याला ते खरंच सोपं वाटत होतं. किन्याला वाईट वाटलं ते त्याचंच.

सोमवारी शेडमध्ये सगळे जमले. बाया एका बाकावर, त्यांचे नवरे समोर, मधोमध गावातले तीन वडीलधारे आणि मुतुमा. मुतुमाने एक टाइप केलेला कागद टेबलावर ठेवला. किन्याने तो वाचला. वर तिचं पूर्ण नाव होतं, ज्युलिएटा किन्या. ते नाव तिने बाप्तिस्म्याच्या कागदानंतर कुठे छापलेलं पाहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं की अज्ञानामुळे औषध बदललं, त्याबद्दल क्षमा असावी.

"मी त्या दिवसांत इथे नव्हते," किन्या म्हणाली. "मेरूला दवाखान्यात होते. आई सांगतील."

सगळ्यांनी न्काथाकडे पाहिलं. म्हातारीच्या डोळ्याला अजून पांढरी पट्टी होती. ती बराच वेळ हातातल्या काठीवरची पकड सैल-घट्ट करत राहिली. ओढ्यालगतचा तुकडा सुनेला दाखवणारी हीच बाई, आणि मुरिथी तिचा एकुलता एक मुलगा. शेवटी ती म्हणाली की डोळे बांधलेले होते, दिवस कुठला आणि रात्र कुठली ते तिला कळत नव्हतं, सून कधी होती आणि कधी नव्हती हे ती कसं सांगणार.

किन्याने बाकावरच बाजूला वळून गाट्विरीकडे पाहिलं. गाट्विरीचा तुकडा पाटाच्या पलीकडे. तिथून पंप घेतलेला माणूस दिसणार नाही असं होऊच शकत नव्हतं. गाट्विरी उभी राहिली. तिच्या नवऱ्याने घसा साफ केला.

"मी पाहिलं," गाट्विरी म्हणाली. "पंप केंडीच्या आईच्या पाठीवर होता."

मुतुमाने पेन पुढे केलं. तोही मेरूचाच होता, त्यालाही आई आणि बायको होती. त्याला खरं काय ते कळलं नसेल असं नाही. पण गट वाचावा असं त्यालाही मनापासून वाटत होतं. वडीलधाऱ्यांपैकी एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं की पोरी, यात लाज कसली, बायकांच्या हातून अशा चुका होतातच, आम्ही कुणी तुला बोल लावणार नाही. बाकावरच्या एका बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, कर ना बाई.

किन्याने पेन हातात घेतलं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं.

"ही शेंग कुणाच्या तरी ताटात जाणार होती," ती म्हणाली. "त्यांनी तपासलं म्हणून ती अडली. मी सही केली तर पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी हेच मारेल आणि पुन्हा एखादी बाई सही करेल. वहीत मी लिहिलं ते मला घरात सांगितलं गेलं ते. ते खरं मानलं, तेवढी चूक माझी. ती लिहून देते." मग तिने कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "अकरा वर्षांत कंपनीच्या एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. नंबरावर नव्हतं, सर्टिफिकेटावर नव्हतं. आज दोष द्यायचा म्हटल्यावर बरं सापडलं तुम्हाला. मी सही करणार नाही."

मुरिथी मान खाली घालून बसला होता. तो तेव्हाही बोलू शकला असता. त्याच्याकडे पुरेसा वेळ होता.

गट बाद झाला. पुढच्या गुरुवारी गाडी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वेलींवर शेंगा निबर होऊन वाळल्या आणि शेवटी गाईंनी खाल्ल्या. गावाने त्याचा दोष मुरिथीला दिला नाही. एका सहीपायी नऊ घरं बुडवणारी बाई म्हणून किन्याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. ओढ्यावर ती पोचली की बाया घागरी उचलून निघत. ती माहेरी गेली तेव्हा भावाने चहा दिला आणि सांगितलं की तुझ्या लग्नात त्यांच्याकडून गाई आल्या, शेळ्या आल्या, मध आला, ते सगळं कधीच वाटलं गेलं. आता ही जमीन माझ्या मुलांची. तू तुझ्या घरी जा. नवऱ्याच्या गावी ती माहेरची पाहुणी होती आणि माहेरी नवऱ्याकडची. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात पाय ठेवायला तिची म्हणावी अशी वीतभर जागा कुठेच नव्हती, हे तिला परतीच्या मोटारीत बसल्यावर प्रथमच स्पष्ट दिसलं.

ती मुरिथीच्या घरी परतली. केंडीला शाळेत पाठवायचं होतं. सासूच्या डोळ्यात दोन्ही वेळा औषध घालणं तिने चुकवलं नाही. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. त्याने एकदा तिच्यासाठी ओढ्यावरून पाणी आणून ठेवलं. तिने ते गाईला पाजलं.

त्या पावसाळ्यानंतर ती चर्चच्या मंडळाकडे गेली. शाळेमागे चर्चची अर्धा एकर जमीन पडीक होती. तिने ती पाच वर्षांसाठी खंडाने मागितली, आणि करार आपल्या नावाने हवा असा हट्ट धरला. मंडळातल्या पुरुषांनी नवऱ्याची सही आण म्हणून सांगितलं. ती म्हणाली, जमीन चर्चची आणि घाम माझा, यात नवरा कुठे आला? चार बैठका याच प्रश्नावर झाल्या. चौथ्या बैठकीला पास्टरची बायको, जी कधी मंडळात बोलत नसे, ती मागच्या बाकावरून म्हणाली की कराराच्या नियमात नवऱ्याचा शब्दच नाही, मी वाचून आलेय. करार झाला.

तो कागद घेऊन किन्या मेरूला दुसऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या माणसाने सवयीने जमिनीच्या मालकाचं नाव विचारलं. तिने करार पुढे केला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, आत जाऊन कुणाला तरी दाखवला आणि अर्ध्या तासाने तिला नंबर दिला. तिच्या पाठोपाठ जुन्या गटातली ती विधवा आली, मग आणखी एक जण. तिघींनी पुन्हा जाळीच्या भिंती उभ्या केल्या. या गटाचा नियम एकच होता. जिच्या हातची शेंग तिच्या नावाचा नंबर, आणि त्यासाठी जमिनीचा कागद बाईच्या नावाने असला पाहिजे. घरच्याच तुकड्याचा करार नवऱ्याने बायकोच्या नावाने करून दिला तरी चालेल. जुन्या गटातल्या पाच जणींनी नवऱ्यांना विचारलं. चौघींना नकार मिळाला, एकीला मार.

वाचकहो, हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शेतात लावणी, निंदणी, तोडणी कोण करतं हे तुम्हाला ठाऊक आहे. घरातला सातबारा आज एकदा काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. मग त्या घरातल्या बाईला विचारा, की तिला कधी कशावर सही करायला सांगितलं होतं.

गाट्विरी आली ती पुढच्या वर्षी जानेवारीत, भर सकाळी. किन्या चर्चच्या शेतातल्या शेडमध्ये टेबलावर शेंगा निवडत होती. गाट्विरी दाराशीच उभी राहिली. ती वाळली होती. तिने कमरेच्या कापडाच्या गाठीतून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्या नवऱ्याने पाटालगतचा तुकडा दहा वर्षांसाठी तिच्या नावाने करून दिला होता. त्यासाठी ती दोन महिने माहेरी जाऊन बसली होती, हे किन्याने आधीच ऐकलं होतं.

किन्याने कागद वाचला, रजिस्टरात नोंद केली आणि परत दिला. गाट्विरी गेली नाही.

"त्या दिवशी घरातून निघताना नवऱ्याने मला सांगितलं होतं, काय बोलायचं ते," ती म्हणाली. "मी वाटेत ठरवलं होतं की नाही बोलायचं. मग तू माझ्याकडे वळून पाहिलंस, आणि तेच तोंडातून निघालं. कसं ते मला अजून कळत नाही. तू मला क्षमा करशील का, केंडीच्या आई?"

किन्याने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. तिने या प्रश्नाची वर्षभर वाट पाहिली होती, आणि आता काय वाटेल याचा पुष्कळ विचारही केला होता. तसं काही वाटलं नाही.

"गटात तुला जागा आहे," ती म्हणाली. "कागद नियमाप्रमाणे आहे आणि तुझ्याएवढी चांगली शेंग इथे कुणाला निवडता येत नाही. दुसरं जे मागतेस ते आज माझ्यापाशी नाही. असतं तर दिलं असतं."

गाट्विरीने मान हलवली. तिने कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले, कपड्याला पुसले आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन निवडायला बसली. तिचा हात पूर्वीसारखाच झपाझप चालत होता. किन्याने आपल्यापुढच्या ढिगाचा अर्धा भाग तिच्याकडे सरकवला.